पंचाच्या दिवसाचे मोल

नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायतीचा पाठ शिकवीत असता आम्ही वर्गाला सहज एक प्रश्न विचारला : "मोठेपणी गावचा पंच व्हावे असे तुमच्यापैकी किती जणांना वाटते?" डॉक्टर, इंजिनियर किंवा शिक्षक कोण होणार असे विचारले की हात भराभर वर येतात. या प्रश्नाला दोनच हात वर आले. एक गावातील मोठ्या दुकानदाराच्या मुलाचा, दुसरा एका बागायतदाराच्या मुलाचा. मागल्या बाकावरील एक मुलगी काही बोलू पाहत होती, पण संकोचत होती. तिला उभे केले तेव्हा ती म्हणाली, "सर, मागल्या निवडणुकीच्या वेळी वाड्यावरची माणसे आमच्या आईला उभी राहा म्हणून सांगायला आली होती. आई नको म्हणाली."

"का बरे?"

"ती म्हणाली, म्हजो दीस कोण भरून दितलो?"

माझा दिवस कोण भरून देणार? वर्गात थोडा हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. ही बाई काजूच्या कारखान्यात रोजावर जाते. वाड्यावरचा नळ आटला की चार बायकांना बरोबर घेऊन पंचायतीच्या कचेरीत जाणारी तीच, आणि शिधापत्रिकेचा अर्ज कसा भरावा हे शेजारणीला समजावून सांगणारीही तीच. पंच होण्यास लागणारे गुण तिच्या अंगी आहेत, हे वाड्याने ओळखले होते. पण पंचायतीच्या कामासाठी जो दिवस मोडेल त्या दिवसाची चूल कशी पेटावी, या एका प्रश्नापाशी ती थांबली. तिने विचारलेला प्रश्न क्षुद्र नाही. लोकशाहीच्या इतिहासात तो मोठमोठ्या विचारवंतांनी विचारला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. पंचायतीच्या सदस्यास जे मिळते त्यास आपण वेतन म्हणत नाही, मानधन म्हणतो. वेतन म्हणजे कामाचा मोबदला. मानधन म्हणजे मान राखण्यापुरते दिलेले धन. गावाचे काम ही सेवा आहे, आणि सेवेचा मोबदला घेणे हे काहीसे उणेपणाचे आहे, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत या शब्दात दडलेली दिसते. ती समजूत उदात्त आहे यात शंका नाही. परंतु पूर्वीचे कारभारी खरोखरच काही न घेता कारभार करीत होते काय, हे इतिहासाला विचारून पाहिले पाहिजे.

आपल्या गोव्यातील गावकरी ही फार प्राचीन संस्था. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून ती चालत आली होती, आणि १५२६ साली आफोंसो मेशिय या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिच्या चालीरीती एका दस्तऐवजात नोंदवून घेतल्या. गावची सामाईक शेते, खाजणांचे बांध, पाणी आत-बाहेर सोडण्याच्या मानशी यांची व्यवस्था गावकर पाहत असत. त्या कारभाराबद्दल ते पगार घेत नसत, हे खरे. परंतु सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून सर्व खर्च भागून जी शिल्लक उरे, तिचा वाटा त्यांस मिळे. त्या वाट्याला झोण म्हणतात, हे गोमंतकीय वाचकांस ठाऊकच आहे. घाटावरच्या मराठी मुलखातही तोच प्रकार होता. पाटील-कुलकर्ण्यांना गावच्या कामाबद्दल वतने असत. म्हणजे जुने कारभारी उपाशीपोटी सेवा करीत होते असे नव्हे. त्यांचा दिवस जमीन भरून देत होती. आणि ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, त्या कुळांना, मुंडकारांना व रोजंदारांना कारभारात सहसा जागा नव्हती. स्त्रियांचे तर नावच नको.

गोवा मुक्त झाल्यावर २४ ऑक्टोबर १९६२ रोजी येथे प्रौढ मताधिकाराने पंचायतींच्या पहिल्या निवडणुका झाल्या. गावकर आणि मुंडकार एकाच रांगेत उभे राहिले. पुढे त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि साऱ्या देशात पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या; महाराष्ट्राने हे प्रमाण पुढे निम्म्यावर नेले. अनुसूचित जाती-जमातींसाठीही त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या गेल्या. अशा रीतीने कायद्याने पंचायतीचे दार सर्वांना उघडून दिले. परंतु ज्यांच्यासाठी हे दार उघडले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मागे ना झोण होता ना वतन. त्यांचा दिवस कोणी भरून द्यावा, हा प्रश्न तेथून खऱ्या अर्थाने सुरू होतो.

हाच प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरात उठला होता. तेथे न्यायनिवाड्याला शेकडो नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. पेरिक्लीज या पुढाऱ्याने त्यांना दिवसाकाठी भत्ता देण्याची पद्धत सुरू केली. प्रथम तो दोन ओबोल होता, मागाहून तीन झाला. त्या काळी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी सुमारे सहा ओबोल होती. म्हणजे हा भत्ता अर्ध्या मजुरीइतका झाला. श्रीमंत होण्यास तो पुरेसा नव्हता, पण गरिबाला न्यायासनावर येऊन बसण्यास हातभार लावीत होता. यावर टीकाही झाली. पेरिक्लीजने भत्ते सुरू करून लोकांना आळशी आणि पैशाचे लोभी केले, असा आरोप प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी आहे. ॲरिस्टॉटलने या वादात मधला मार्ग दाखविला. धनिकांचे राज्य असते तेथे श्रीमंत सभेला न आल्यास त्यांना दंड करतात, आणि गरिबांचे राज्य असते तेथे गरिबांना येण्याबद्दल पैसे देतात. ज्यास दोघांचाही समतोल हवा त्याने दोन्ही गोष्टी कराव्या, असे तो सांगतो. गरिबाला येण्याची सोय आणि श्रीमंताला न येण्याची चोरी, असा हा शहाणपणाचा उपाय होता.

इंग्लंडचा इतिहासही असाच बोलका आहे. १८३८ साली तेथील कामगारांनी आपल्या सनदेत सहा मागण्या मांडल्या. सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान इत्यादी मागण्यांबरोबर पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे ही एक मागणी होती. मालमत्ता असलेल्यालाच सभासद होता येईल अशी अट त्या काळी तेथे होती. ती १८५८ साली गेली. पण अट गेली तरी वेतन नसल्यामुळे गिरणीतील मजुराला सभासद होणे कठीणच राहिले. वेतन सुरू झाले ते १९११ साली, वर्षाला ४०० पौंड. मागणी आणि तिची पूर्तता यांत त्र्याहत्तर वर्षे लोटली. गावोगावच्या स्थानिक मंडळांच्या सभासदांची पाळी त्याहूनही उशिरा आली. १९४८ च्या कायद्याने, मंडळाच्या कामामुळे ज्या सभासदाची मजुरी बुडेल त्याला ती मर्यादेपर्यंत भरून देण्याची तरतूद केली. आमच्या विद्यार्थिनीच्या आईची मागणी याहून वेगळी नव्हती. स्कॉटलंडमध्ये तर २००७ सालापासून स्थानिक सभासदांना ठरावीक वार्षिक वेतनच मिळू लागले.

येथे कोणी म्हणेल, गरिबाला दार उघडले हे चांगले झाले. पण पैसे दिल्याने माणसे चांगली येतात याला आधार काय? उलट पैशाच्या आशेने लोभी माणसेच येणार नाहीत काय? ही शंका रास्त आहे, आणि अलीकडे अभ्यासकांनी तिची कसोटी पाहिली आहे. इटलीत नगराध्यक्षाचे वेतन गावाच्या लोकसंख्येवरून ठरते, आणि ५,००० वस्तीच्या सीमेवर ते एकदम वाढते. विद्यार्थिमित्रहो, यातील खुबी लक्षात घ्या. ४,९०० वस्तीचे गाव आणि ५,१०० वस्तीचे गाव यांत तसा काय फरक असणार? माणसे तशीच, प्रश्न तेच. फरक मुख्यतः वेतनाचा. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे ताडून पाहिली की वेतनाचा परिणाम समजून येतो. गाल्यार्दुची आणि नान्निचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशी तुलना केली, तेव्हा जास्त वेतनाच्या बाजूला अधिक शिकलेली माणसे निवडणुकीला उभी राहतात आणि निवडून आल्यावर कारभारही अधिक काटकसरीने करतात, असे त्यांना आढळले. ब्राझीलमध्ये २००० सालच्या घटनादुरुस्तीने नगरसेवकांच्या वेतनाची कमाल मर्यादा लोकसंख्येनुसार ठरविली होती. तेथील तुलनेतही जास्त वेतनाच्या शहरांत उमेदवारांची चुरस वाढली, निवडून येणारे अधिक शिकलेले होते आणि त्यांनी सभागृहात कामही अधिक केले, असे दिसून आले.

तथापि सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपीय पार्लमेंटच्या सभासदांना पूर्वी आपापल्या देशातील खासदारांइतके वेतन मिळे. २००९ साली सर्वांना सारखे वेतन ठरले आणि काही देशांच्या सभासदांचे वेतन पुष्कळच वाढले. तेथे मात्र वेतनवाढीने सभासदांचा शैक्षणिक दर्जा उंचावल्याचे अभ्यासकांना आढळले नाही; उलट तो काहीसा उतरलेला दिसला. शिवाय शिक्षण म्हणजेच चांगुलपणा नव्हे, हे आम्ही शिक्षक असूनही मान्य केले पाहिजे. आमच्या विद्यार्थिनीची आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तात्पर्य, पैसा ही जादूची कांडी नाही. मुळीच न दिल्याने जेवढे नुकसान होते तेवढा लाभ भरमसाट दिल्याने होतोच असे नाही.

भरमसाट पैशाने काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. लॉस एंजेलिस शहराच्या शेजारी बेल नावाचे सुमारे ३५,००० वस्तीचे, कष्टकरी लोकांचे एक छोटे शहर आहे. तेथील कायद्यानुसार लहान शहरांच्या नगरसेवकांच्या वेतनावर मर्यादा होती. २००५ साली बेलमध्ये एक खास मतदान घेऊन शहराने स्वतःची सनद करून घेतली आणि त्या मर्यादेतून आपली सुटका करून घेतली. या मतदानाला चारशेही मतदार आले नाहीत. पुढे २०१० साली वृत्तपत्रातून उघड झाले की, अर्धवेळ काम करणारे बहुतेक नगरसेवक वर्षाला सुमारे एक लाख डॉलर घेत होते, आणि शहराचा मुख्य प्रशासक सुमारे आठ लाख. ज्या समित्यांच्या सभा क्वचितच भरत त्यांच्या सभासदत्वाबद्दलही पैसे उचलले जात होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि दोषी ठरलेल्यांना शिक्षा झाल्या. हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, पैसे दिले की असे होते! आम्हांस त्यातून निराळा बोध होतो. तेथे ज्यांनी पैसे घ्यायचे त्यांनीच ते ठरविले. ते लोकांच्या नजरेआड ठरविले. आणि लोकही मतदानाला आले नाहीत. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर तिजोरी रिकामी झाली तर नवल कसले?

आता आपल्या देशाकडे वळू. संसदेच्या सभासदांच्या वेतनासाठी आपल्या राज्यघटनेत १०६ वे कलम आहे, राज्यांच्या आमदारांसाठी १९५ वे कलम आहे. पंचायतींविषयीच्या नवव्या भागात मात्र पंचांच्या मानधनाबद्दल असे स्वतंत्र कलम नाही. तो विषय राज्यांवर सोपविलेला आहे. खासदारांचे मासिक वेतन १ एप्रिल २०२३ पासून १,२४,००० रुपये झाले, आणि महागाईच्या मानाने ते ठरावीक काळाने वाढावे अशी सोय २०१८ च्या कायद्याने करून ठेवलेली आहे. महाराष्ट्रात २००० पर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाचे मानधन महिना ३,००० रुपये होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट, म्हणजे ६,००० करण्याचा निर्णय झाला. ८,००० हून अधिक वस्तीच्या गावी ते ५,००० चे १०,००० झाले.

दुप्पट हा शब्द कानाला मोठा लागतो. म्हणून आपण एक साधे गणित करू. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने लहान गावच्या सरपंचाचे जुने मानधन दहा दिवसांच्या मजुरीइतके, आणि नवे वीस दिवसांच्या मजुरीइतके भरते. म्हणजे सुधारणा झाली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण महिन्याचे तीसही दिवस ज्याच्या दारी माणसे येतात त्याचे दिवस अजून पुरते भरलेले नाहीत. सामान्य सदस्याची स्थिती तर याहूनही अवघड असते.

यावर कोणी असेही म्हणेल की, निःस्वार्थी माणसाने पैशाकडे पाहू नये. आम्ही शिक्षक दरमहा पगार घेतो. म्हणून आमचे शिकविणे सेवा नव्हे काय? रुग्णालयातील परिचारिका पगार घेते. म्हणून रात्री तिने रुग्णाच्या कपाळावर ठेवलेली पट्टी कमी थंड असते काय? निःस्वार्थी असणे निराळे आणि उपाशी असणे निराळे. शिवाय, कारभार फुकट होतो हीच मुळी चुकीची कल्पना आहे. त्याचे मोल कोणी ना कोणी देतच असतो. तिजोरीतून ते उघडपणे दिले नाही, तर कारभारी एक तर आपल्या घरच्या संपत्तीतून देतो, आणि मग केवळ संपत्तीवानच कारभारी होतात. नाही तर ते दुसरा कोणी देतो, आणि मग कारभार त्या दुसऱ्याचा होतो. आपल्या गोव्यात घर बांधण्याच्या परवान्यावर पंचायतीचा अधिकार चालतो. मोठ्या इमारती बांधणाऱ्याला त्या परवान्याचे मोल लाखांत असते. तो देणाऱ्या पंचांचा दिवस मात्र भरलेला नसतो. पुरेसे मानधन मिळाले म्हणजे अप्रामाणिक माणूस प्रामाणिक होईल, असे आमचे म्हणणे नाही. तो होणार नाही. पण प्रामाणिक माणसाला तेथे टिकून राहणे शक्य होईल, आणि तेवढ्यासाठीच मानधन हवे.

मग योग्य मानधन ते कोणते? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याच्या चार खुणा सांगता येतील. पहिली, गावाच्या कामात जितके दिवस मोडतात तितक्या दिवसांच्या मजुरीहून ते कमी नसावे. म्हणजे कोणालाही पंच झाल्यामुळे कर्ज काढावे लागू नये. त्याचबरोबर, केवळ त्या पैशासाठी निवडणूक लढवावी इतके ते मोठेही नसावे. दुसरी, ते घेणाऱ्यांनी स्वतः ठरवू नये. वेल्स प्रांतात स्थानिक सभासदांचे वेतन त्यांच्या हाती न ठेवता एका स्वतंत्र मंडळाकडे सोपविलेले आहे. तशी काही योजना आपल्या राज्यांनीही करावी. तिसरी, महागाईबरोबर ते आपोआप वाढावे. ही सोय खासदारांसाठी झाली आहे. गावच्या पंचाला बाजारात तांदूळ काही स्वस्त मिळत नाही. चौथी, ते उघड असावे. कोणास किती मिळते आणि कोण किती सभांना हजर होता, हे दोन्ही आकडे पंचायतीच्या फलकावर शेजारी शेजारी लिहावे, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या सूचनेचा दुसरा भागही आपल्याला लाभेल.

यातील पहिल्या तीन गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत. चौथी मात्र आपण करून घेऊ शकतो. विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होऊन मतदारयादीत नाव आले की तुम्ही ग्रामसभेचे सभासद होता, आणि एकविसाव्या वर्षी पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहू शकता. म्हणजे तुमच्यापैकी दहावीत बसलेल्यांना पहिल्या गोष्टीसाठी दोन-तीन वर्षेच उरली आहेत. तोपर्यंत एक काम करा. आपल्या पंचायतीच्या कचेरीत नम्रपणे जाऊन विचारा : आमच्या पंचांना महिन्याला किती मानधन मिळते? ते शेवटी कधी वाढले? ते वेळेवर मिळते काय? उत्तर वहीत लिहून घ्या, आणि आपल्या गावातील एका दिवसाच्या मजुरीने त्याला भागा. किती दिवस भरतात ते तुम्हांस कळेल. घरी गेल्यावर ते आईवडिलांना सांगा.

त्या दिवशी वर्गात जे हसले त्यांनी हे गणित करून पाहावे, अशी आमची विशेष इच्छा आहे. मागल्या बाकावरील त्या मुलीच्या आईपाशी वाड्यावरची माणसे पुढच्या निवडणुकीत पुन्हा जातील. तेव्हा तिच्या प्रश्नाला द्यायला त्यांच्यापाशी निदान एक खरा आकडा असावा. तो अपुरा असेल तर तो पुरा व्हावा म्हणून ग्रामसभेत उठून बोलणारे कोणी असावे. आणि त्या बोलणाऱ्यांत आमच्या शाळेचे विद्यार्थी असावेत, एवढीच आमची अपेक्षा.